रोपे किती, यापेक्षा कोणते रोप कोणाच्या शेजारी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दरवर्षी उन्हाळा तापू लागला की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना मिळालेल्या वृक्षलागवडीच्या उद्दिष्टांच्या बातम्या येऊ लागतात. अमुक जिल्ह्याला इतके लाख, तमुक तालुक्याला इतके हजार, आणि पावसाळा सरल्यावर जिवंत रोपांची टक्केवारी. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांच्या मोहिमा झाल्या, तेव्हापासून तर ही चर्चा आकड्यांच्या बाहेर पडायलाच तयार नाही. आकड्यांना माझा विरोध नाही. लातूरसारख्या जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्कासुद्धा नसताना झाडे लावू नका असे कोण म्हणेल? परंतु कोणत्या जातीचे रोप, कोणत्या जातीच्या शेजारी, किती अंतरावर आणि कोणत्या मातीत लावले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लागवड झालेल्या डोंगरावर पंधरा-वीस वर्षांनी वन उभे राहणार की नुसत्या काठ्या, हे मात्र बव्हंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात ज्याची नोकरी गेली अशा एका वाचकाला त्याविषयी जे सांगावेसे वाटते ते थोडे विस्ताराने लिहितो आहे.

आपल्याकडच्या लागवडी पाहत गेले की तेच ते चित्र दिसते. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदून त्यांच्या भरावावर ओळीने लावलेले गिरिपुष्प, म्हणजे ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात ते. रस्त्याच्या कडेने काशीद. आणि जरा बरी जमीन मिळाली की साग. ही निवड अडाणीपणाने झालेली नाही. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प फांदीपासूनही फुटते, उथळ मुरमात तग धरते, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि दोन पावसाळ्यांत डोंगर हिरवा दिसू लागतो, त्यामुळे मोजणीच्या दिवशी टक्केवारी उत्तम भरते. अडचण त्यानंतर सुरू होते, आणि तोपर्यंत मोजणारे बदलून गेलेले असतात.

एकाच वर्षी, एकाच अंतरावर, एकाच जातीची रोपे लावली म्हणजे सगळ्यांची वाढ साधारण बरोबरीने होते. सगळ्यांचे शेंडे एका पातळीवर येतात, सगळ्यांना उजेड त्याच थरातून हवा असतो, मुळे त्याच खोलीवर पसरतात आणि पाण्याची तहानही सगळ्यांना एकाच महिन्यात लागते. म्हणजे प्रत्येक झाडाचा सर्वांत मोठा स्पर्धक त्याचा सख्खा भाऊ असतो. वर पानांचा एक थर, त्याखाली बरीचशी मोकळी पोकळी आणि सर्वांत खाली उघडी जमीन, अशी या वनाची रचना होते. याउलट उजेडाची हाव असलेल्या जातींच्या खाली किंवा बाजूला थोडी सावली सोसणाऱ्या जाती असल्या, तर पानांचे थर एकाखाली एक बसतात. युरोपातील मिश्र वनांच्या मोजणीत असेही आढळले आहे की वेगळ्या जातीचा शेजारी मिळाला की झाडे आपल्या पर्णसंभाराचा आकारच बदलतात. कोणी खालपर्यंत फांद्या राखतो, कोणी शेजाऱ्याच्या फटीतून हात बाहेर काढतो, आणि त्यामुळे तेवढ्याच आकाशाखाली अधिक पाने मावतात. अशा वनात जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडांचा घेर मोजत गेले तर मनगटाएवढ्यापासून कवेत न मावणाऱ्यापर्यंत सर्व मापे मिळतात. एकजातीय लागवडीत मात्र मापांची तीच ती पुनरावृत्ती.

ज्यांना हे पुस्तकी वाटते त्यांनी पावसाळा संपल्यावर एखाद्या दाट, शुद्ध सागाच्या लागवडीत उकिडवे बसून जमीन पाहावी. खाली गवत नाही, झुडूप नाही. सागाच्या रुंद पानावर पावसाचे बारीक थेंब गोळा होऊन त्यांचा एक टपोरा थेंब होतो आणि तो उंचावरून नेमका उघड्या मातीवर पडतो. जिथे एखादा खडा किंवा सुके पान असते तिथली माती तेवढी वाचते, भोवतालची वाहून जाते, आणि बोटभर उंचीचे मातीचे बुटके खांब डोक्यावर खडा घेऊन उभे राहिलेले दिसतात. ज्या डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या काळ्या खडकाच्या, उतारावर मुळात वीतभर माती आहे तिथे ही धूप परवडणारी नाही. दोष सागाचा नाही. किनवटच्या वनांत साग पूर्वापार आहे, पण तिथे तो ऐन, धावडा, मोह, तेंदू, बेहडा, चारोळी, पळस अशा गोतावळ्यात वाढतो. खाली गवत आणि झुडपे असतात आणि तो टपोरा थेंब जमिनीवर पोहोचेपर्यंत दोन-तीनदा फुटतो. सागाला एकटे पाडून ओळीत उभे करण्याची पद्धत आपण १८४० च्या दशकात केरळातील निलंबूर येथे झालेल्या लागवडीपासून गिरवत आलो. इमारती लाकूड हवे होते तोपर्यंत त्यात तर्क होता. आज उद्दिष्ट पाणी, माती आणि सावली हे आहे, लागवडीचा नकाशा मात्र जुनाच.

आता वाढीविषयी. मिश्र वन म्हणजे शोभेसाठी उत्पादनावर सोडलेले पाणी, असा एक समज शिकल्यासवरल्या लोकांतही आहे. तो तपासून पाहिला गेला आहे. ४४ देशांतील सुमारे ७ लाख ७७ हजार नमुना क्षेत्रांवरील तीन कोटींहून अधिक झाडांच्या मोजणीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वृक्षजातींची संख्या दहा टक्क्यांनी घटली तर लाकडाच्या वाढीत सरासरी दोन ते तीन टक्क्यांची घट होते आणि जाती जितक्या कमी उरतात तितकी प्रत्येक जात गमावण्याची किंमत वाढत जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. चीनच्या जिआंगशी प्रांतात तर हेच मुद्दाम झाडे लावून पाहिले गेले: आठ वर्षांनी सोळा जातींच्या तुकड्यांनी एकजातीय तुकड्यांच्या सरासरीपेक्षा दुपटीहून अधिक कार्बन साठवला होता. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात निलगिरी आणि हवेतले नत्र मुळांवरच्या गाठींत बांधणारी एक बाभूळवर्गीय जात निम्मी-निम्मी लावली तेव्हा अकरा वर्षांनी त्या तुकड्याचे वजन नुसत्या निलगिरीच्या जवळजवळ दुप्पट भरले. माती नत्रात कमी होती, आणि तिथेच या जोडीचा खरा उपयोग होता. नत्राने समृद्ध जमिनीत असा लाभ आटतो.

हे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने शिफारस करण्याच्या कितीतरी आधीपासून तो तुरीला सोबत घेऊन पेरतो आहे. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघून जाते, तोवर तूर दबून असते. मग मोकळी झालेली जागा आणि खालच्या थरातली ओल घेऊन ती पौष-माघापर्यंत उभी राहते. दोघांचे मूळ वेगळ्या खोलीवर, दोघांची भूक वेगळ्या महिन्यात. वनातही नेमके हेच साधायचे असते, फक्त हंगामाऐवजी दशकांचा हिशेब धरायचा.

मात्र मिश्रणाचा जयजयकार करणाऱ्यांनाही दोन गोष्टी ऐकवाव्या लागतील. पहिली अशी की, मिश्र तुकडा त्यातील जातींच्या सरासरीपेक्षा सरस ठरतो असे अनेकदा दिसते, पण त्यातल्या सर्वांत जोमदार जातीच्या शुद्ध तुकड्यालाही तो मागे टाकेल याची हमी नसते. ज्या शेतकऱ्याला बांधावरून आठ-दहा वर्षांत औताचे लाकूड आणि सरपण काढायचे आहे त्याने नुसती बाभूळ लावली तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट दुष्काळाची, आणि ज्या विभागाने २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी येताना पाहिले त्याला ती अधिक महत्त्वाची. जाती मिसळल्या की दुष्काळ आपोआप सोसतो असे नाही. युरोपातील वेगवेगळ्या वनप्रकारांत ताणाची तपासणी झाली तेव्हा काही ठिकाणी मिश्र वनातील झाडे कोरड्या वर्षात कमी हैराण झाली होती, काही ठिकाणी काहीच फरक नव्हता. कारण उघड आहे. अधिक पाने म्हणजे अधिक बाष्पोत्सर्जन. वरच्या थरातले पाणी सगळेच ओढू लागले तर जाती पाच असोत की पंधरा, मार्चमध्ये सगळेच सुकणार. फायदा होतो तो वेगळ्या सवयींच्या जाती एकत्र आल्या तर. मात्र एका बाबतीत मिश्रणाची बाजू बरीच भक्कम आहे, ती म्हणजे कीड. २०१८ पासूनच्या कोरड्या वर्षांत जर्मनीत स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या सलग लागवडी सालीखालच्या भुंगेऱ्याने हजारो हेक्टरांवर वाळवल्या. आपल्याकडे सागाची पाने खाणारी अळी आणि पानांची जाळी करणारी अळी शुद्ध सागात कशा फैलावतात हे प्रत्येक वनरक्षकाला ठाऊक आहे.

आपल्या शुष्क पानझडी वनाकडे या नजरेने पाहिले तर निसर्गाने केलेली वाटणी लक्षात येते. सालई हिवाळ्यापासूनच निष्पर्ण होऊन बसते आणि आपली गरज जवळजवळ शून्यावर आणते. अंजनाचे रोप जमिनीवर वीतभर दिसते तेव्हा त्याचे मूळ कितीतरी खोल गेलेले असते, खडकाच्या फटी शोधत. पळस पाने टाकून फुलतो त्या सुमारास कडुलिंबाला नवी पालवी येते आणि करंज तर ऐन वैशाखात हिरवागार असतो. म्हणजे एकाच उतारावर कोणी ना कोणी सावली धरून असतो, पानगळ एकदम होत नाही आणि वणव्याला एकाच वेळी सगळा डोंगरभर जाड पाचोळा मिळत नाही. माळावरच्या हिवराच्या किंवा बाभळीच्या झुडपात डोकावून पाहावे: फांदीवर बसलेल्या पक्ष्यांनी टाकलेल्या बियांपासून कडुलिंबाचे किंवा बोरीचे रोप काट्यांच्या आडोशाने वाढत असते, शेळीचे तोंड तिथे पोहोचत नाही, आणि काही वर्षांनी लिंब हिवराच्या डोक्यावरून वर जातो. कुंपणाचा खर्च न करता झालेली ही लागवड आपल्या अंदाजपत्रकात बसत नाही एवढाच तिचा दोष.

नत्राविषयी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. शेंगा येणारे झाड म्हणजे जमीन सुधारणारे झाड, असे सरसकट सांगितले जाते. खैर, बाभूळ, शिरीष, गिरिपुष्प यांच्या मुळांवर गाठी येतात आणि हवेतले नत्र बांधले जाते हे खरे; परंतु आपण रस्तोरस्ती लावलेल्या काशीदच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत, अंजन आणि आपटाही त्या गटातले नाहीत. तेव्हा मिश्रणात नत्राचा भागीदार म्हणून कोणाला घेतो आहोत हे पाहून घ्यावे. गिरिपुष्पालाही मी हद्दपार करा म्हणत नाही. नापीक मुरमावर पहिली काही वर्षे त्याचा पाला जमिनीला देण्यासारखे दुसरे स्वस्त साधन नाही. पण ते सोबती म्हणून, ठरावीक अंतरावर, दरवर्षी छाटून जमिनीवर अंथरण्यासाठी असावे. न छाटता वाढू दिले तर त्याच्या छायेत धावड्याचे किंवा बिब्याचे मंद वाढणारे रोप गुदमरते, आणि कागदावर मिश्र असलेली लागवड पाचव्या वर्षी एकजातीय झालेली असते.

शेजाऱ्याचे महत्त्व कोणाला शंभर टक्के पटवायचे असेल तर चंदनाचे उदाहरण द्यावे. मराठवाड्यात अनेक शेतकऱ्यांनी अलीकडे चंदन लावले आहे. चंदन अर्धपरोपजीवी आहे; त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटून त्यातून पाणी आणि क्षार घेतात. म्हणून जाणते शेतकरी रोपाच्या बुंध्याशी आधी तूर लावतात, मग थोड्या अंतरावर करंजासारखा टिकाऊ यजमान उभा करतात. ज्यांनी रोपविक्रेत्याच्या भरवशावर नुसतेच चंदन ओळीने लावले त्यांची झाडे पिवळी पडून खुरटली. इतर झाडांचे संबंध इतके उघड दिसत नाहीत, एवढेच.

मिश्रणाची मांडणी कशी करावी, हाच कळीचा मुद्दा आहे. एक खड्डा एका जातीचा, पुढचा दुसऱ्या जातीचा, अशी सरमिसळ बहुतेक ठिकाणी केली जाते, कारण ट्रॉलीतून रोपे जशी हाताला येतात तशी लावली जातात. यात जलद वाढणारी जात मंद जातीला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच दाबून टाकते. त्यापेक्षा नऊ, सोळा किंवा पंचवीस रोपांचे एका जातीचे छोटे गट करून ते गट एकमेकांशेजारी ठेवले तर मंद जातीला आपल्यातल्या आपल्यात वाढायला अवधी मिळतो आणि मिश्रणाचा लाभ गटांच्या सीमांवर मिळत राहतो. शिवाय डोंगर म्हणजे एकच जमीन नव्हे. माथ्यावरच्या उघड्या मुरमात सालई, खैर, अंजन; मधल्या उतारावर धावडा, आपटा, बेल, मोह; पायथ्याला माती साचते तिथे साग, बेहडा, करंज; आणि ओढ्याच्या काठाने अर्जुन, जांभूळ. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ आपल्या पायाने पोहोचलेले आहे, तेव्हा झुडपांच्या थरासाठी वेगळे काही शोधायला नको. हे वाटप करायला शास्त्रज्ञ लागत नाही. शिवारातला एखादा जुना मेंढपाळ बरोबर घेतला तरी पुरे.

सध्या लोकप्रिय असलेल्या मियावाकी पद्धतीच्या घनवनांबद्दलही दोन शब्द. जपानी वनस्पतितज्ज्ञ अकिरा मियावाकी यांची ही पद्धत अनेक स्थानिक जाती एकत्र लावते ही तिची जमेची बाजू, आणि शहरातल्या शाळेच्या किंवा कार्यालयाच्या आवारात ती शोभतेही. पण एका चौरस मीटरला तीन रोपे म्हणजे हेक्टरी तीस हजार. तीन बाय तीन मीटरच्या नेहमीच्या लागवडीत हीच संख्या हेक्टरी अकराशेच्या घरात असते. आपल्या भागातले नैसर्गिक वन विरळ छताचे, मधून गवताच्या फटी ठेवणारे आहे. टँकरचे पाणी बंद झाल्यावर त्या तीस हजारांनी वीतभर मातीत काय करायचे? जातींची यादी लांब असली म्हणजे रचना साधली असे होत नाही. आणि ओघात आले म्हणून सांगतो, प्रत्येक माळावर झाडे हवीतच असेही नाही. काळवीट, लांडगा आणि माळढोक ज्या गवताळ रानांचे रहिवासी, ती राने पडीक नसून स्वतंत्र परिसंस्था आहेत, तिथे खड्डे खोदणे हे नुकसानच.

एवढे सगळे ठरवूनही काम अडते ते रोपवाटिकेत. जूनमध्ये लावायची रोपे मिळतील तशी उचलली जातात, आणि मिळतात ती ज्यांचे बी मुबलक, रुजवण सोपी, अशी. मोहाचे बी पावसाळ्याच्या तोंडावर पडते आणि ताजेच पेरावे लागते, साठवून चालत नाही. धावड्याच्या बियांत रुजणारे बी फार थोडे असते, त्यामुळे कितीतरी बी पेरावे तेव्हा गादीवाफ्यावर चार रोपे दिसतात. सालई फांदीच्या खुंटापासून करता येते, पण ती योग्य वेळी कापावी लागते. अंजनाचे बी उन्हाळ्यात गळते आणि पावसाबरोबर भराभर उगवते, मात्र त्याचे लांब सोटमूळ नेहमीच्या छोट्या पिशवीत वेटोळे घालून बसते आणि असे रोप पुढे कधी धड उभे राहत नाही; त्याला उंच पिशवी हवी, नाहीतर जागेवरच बी टोकावे. या प्रत्येक गोष्टीला किमान एक-दीड वर्ष आधी नियोजन लागते. मार्चअखेर निधी आणि जूनमध्ये लागवड, या वेळापत्रकात गिरिपुष्प आणि काशीद सोडून दुसरे काही बसूच शकत नाही. वनरक्षकाला किंवा ग्रामसेवकाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात जी रोपे पडली तीच तो लावणार.

म्हणून माझी विनंती दोन गोष्टींची आहे. जिल्हा नियोजनातून वृक्षलागवडीला निधी देताना रोपवाटिकेचा निधी लागवडीच्या आधीच्या वर्षी मोकळा करावा आणि त्यात डोंगरमाथा, उतार, पायथा यांच्यासाठी लागणाऱ्या जातींची वेगवेगळी मागणी नोंदवलेली असावी; बी गोळा करण्याचे काम रोजगार हमीतून गावातल्या स्त्रियांना देता आले तर मोहाच्या, चारोळीच्या झाडांची राखणही त्यांच्याकडून आपोआप होईल. आणि लागवडीचा अहवाल प्रसिद्ध करताना एकूण जिवंत रोपांची टक्केवारी न देता जातवार द्यावी, तीही पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या वर्षी. शंभरातली ऐंशी रोपे जगली, पण ती ऐंशीही गिरिपुष्पाची आणि मेलेली वीस मात्र धावडा, मोह, बिबा यांची, असे असेल तर त्याला ऐंशी टक्के यश म्हणायचे का, हे वाचकाला स्वतः ठरवता आले पाहिजे. आपल्या दैनिकाच्या तालुका वार्ताहरांनी यंदाच्या उद्दिष्टाची बातमी देताना संबंधित कार्यालयाकडे रोपांच्या संख्येबरोबर जातींची यादीही मागितली, तर ही माहिती मिळवण्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक,
अंबाजोगाई, जि. बीड